वीस दात्यांचं भांडण

नंदा,

तुझ्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला दोनदा हसू आलं. पहिल्यांदा, तुमच्या कंटेनर यार्डाच्या मॅनेजरने तुला ‘शांत आणि समंजस’ म्हटलं तेव्हा. दुसऱ्यांदा, कुणीतरी म्हणालं की नंदाताईंनी कधी कुणाला दुखावलं नाही, तेव्हा. त्या हॉलमध्ये निदान दहा माणसं अशी होती ज्यांना तू वर्षभरात तोंडावर बिनडोक म्हणाली होतीस. मॅनेजर त्यांतलाच एक. तोही मान हलवत होता.

मी बोलायला उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते तिथे कुणाला कळलं नसतं, कारण ते सायकलच्या मागच्या चाकाला असलेल्या दात्यांविषयी होतं. म्हणून तुलाच लिहिते. तुला जाऊन तेवीस दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

सुरुवातीपासून सांगते. तुला माहीत आहे सगळं, पण तू प्रत्येक गोष्ट तुझ्या सोयीने सांगायचीस, त्यामुळे एकदा नीट मांडलेली बरी.

सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. शेहेचाळिसाव्या वर्षी मला सायकलचं वेड लागलं होतं आणि मी एकवीस गिअरची सायकल घेतली होती. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला जी मातीची वाट जाते, तिथे चिखलात घुसले. तांबडा चिखल, वर पालापाचोळा. गिअर बदलणारं मागचं नाजूक यंत्र त्या चिखलाने भरलं, वाकलं आणि थेट चाकाच्या तारांत गेलं. कडाड आवाज झाला. मी पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतेय, पण त्या क्षणी मला त्या यंत्राकडे बघून एकही नियम आठवला नाही.

तेवढ्यात तू आलीस. काळी, जुनी, दांड्याची पुरुषी सायकल, पायांत गमबूट, हँडलला ताडपत्रीची पिशवी.

“काय झाला गो?”

“गिअर तुटला.”

“बरा झाला,” तू म्हणालीस.

ही आपली ओळख. दुसरं कुणी असतं तर मी तोंड फिरवलं असतं. पण तू उत्तराची वाट न बघता खाली बसलीस, पिशवीतून पक्कड काढलीस, ते वाकलेलं यंत्र उपटून माझ्या हातात दिलंस, चेन तोडून आखूड केलीस आणि मागच्या सात चकत्यांपैकी मधल्या एकीवर सरळ ताणून बसवलीस. दहा मिनिटं. मग हात गवताला पुसलेस.

“जा आता.”

“पण गिअर कोणता?”

“योच. बाकीचा पाय बगतील.”

आणि पायांनी बघितलं, नंदा! मी निघाले ती रागात आणि पनवेलला पोचले ती उड्या मारायच्या बेतात. पहिली गोष्ट म्हणजे सायकलचा आवाजच गेला. तोवर मला वाटायचं की सायकल म्हटली की खडखड असायचीच. चेन सरळ रेषेत, ताठ, मध्ये लोंबकळणारं काही नाही; ऐकू येतात ते फक्त टायर आणि माझा श्वास. दुसरी गोष्ट, डोक्यातलं एक कायमचं ओझं उतरलं. आता कितवा टाकू, पुढचा की मागचा, हा हिशेब बंद. चढ दिसला की आधीच वेग घ्यायचा, तो वेग वाया जाऊ द्यायचा नाही, आणि वेग संपला की उभं राहून सगळं अंग पॅडलवर घालायचं. एवढंच. मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं की वीस गिअर फुकट घेतले. तो म्हणाला, “हे मी दुकानात म्हणालो होतो.” तो म्हणाला नव्हता.

निघताना दोघींनी एकमेकींना कामाचं ठिकाण सांगितलं होतं, म्हणून पुढच्या रविवारी तुला शोधत जासईला आले. तुमच्या यार्डाच्या फाटकावर मला कुणी आत सोडेना. तू आतून सायकलवर आलीस, दोन्ही बाजूंना कंटेनरच्या चार-चार मजली भिंती, मधून तू, हातात याद्यांचा पॅड. पहारेकऱ्याला म्हणालीस, “सोड हिला. मास्तरीण हाय, गिअर तोडून आयली व्हती.” त्या दिवसापासून मी मास्तरीण. तुझे वडील उरणच्या किनाऱ्यावरून गावोगाव मासळी विकायला जायचे ती सायकल तू अजून चालवत होतीस. पाटी भरून चाळीस किलो, खाडीची खारी हवा, आणि तरी ती सायकल मोडली नाही, कारण तिच्यात मोडण्यासारखं काही नव्हतं. “जा नाय, ता बिघरंल कसा?” तू म्हणायचीस. जे नाहीच ते बिघडेल कसं. मी हे वाक्य अकरावीच्या वर्गात तीनदा वापरलं आहे, तुझं नाव न घेता. माफ कर.

मग तू माझी सायकल कायमची एका गिअरची केलीस. फ्रेम लोखंडी होती, मागच्या चाकाला पुढे-मागे सरकायला लांब खाच होती. तू म्हणालीस की ही एकच गोष्ट दुकानदाराने मला चांगली दिली आणि ती त्याला माहीत नव्हती. चाक मागे ओढायचं, चेन मधोमध दाबून बघायची, अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त हलली तर उतरते, कमी हलली तर बेअरिंग खाते. नट आवळताना आधी चेनच्या बाजूचा. हे तू मला इतक्यांदा दाखवलंस आणि मी इतक्यांदा बघत उभी राहिले की शेवटी तू दाखवणं सोडलंस आणि स्वतःच करायला लागलीस. तू पाना, मी सिद्धान्त. चेन तू डिझेलमध्ये धुवायचीस आणि परसात बोंबील वाळत घालायच्या दोरीवर टांगायचीस. माझी सायकल कधीकधी सुक्या मासळीचा वास घेऊन घरी यायची आणि सोसायटीतली मांजरं पार्किंगमध्ये तिच्याभोवती बसायची.

आणि ते रविवार! सहाला निघायचं, उन्हं यायच्या आत चिरनेरच्या जंगलातल्या वाटांवर पोचायचं. तू पुढे, मी मागे. उतारावर तू मला शिकवलंस की दगडाकडे बघायचं नाही, दगडाच्या शेजारच्या जागेकडे बघायचं. सायकल डोळ्यांच्या मागे जाते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बुड सीटवरून उचल, गुडघे सैल, कोपरं बाहेर. एकदा साचलेल्या पानांवर माझं पुढचं चाक घसरलं, मी हँडल सोडलं नाही, आणि सायकल आपोआप सरळ झाली. खाली पोचल्यावर मी ओरडत होते. तू म्हणालीस, “बाय, जंगलान बिबट्या आसंल तर ता पन पलाला.” मला एकावन्नाव्या वर्षी असा आनंद मिळेल हे कुणी लिहून दिलं असतं तरी मी मानलं नसतं.

आता भांडणाकडे येते.

पुढच्या चकतीला बत्तीस दाते हे दोघींना मान्य होतं. वाद मागच्या फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचा. तुझं म्हणणं अठरा दाते, कारण काळ्या सायकलींना अठराच येतात, सगळ्या किनाऱ्याने अठरावर मासळी विकली, मलाच काय सोनं लागलंय. माझं म्हणणं वीस. मी तुला कागदावर मांडून दाखवलं: अठराला पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक एक पूर्णांक सातशे अठ्ठ्याहत्तर सहस्रांश फिरतं, विसाला एक पूर्णांक सहा. म्हणजे चढावर अठरा अकरा टक्के जड. तू कागद बघितलास, त्याची घडी घातलीस आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलीस.

पण पुढच्या आठवड्यात माझं चाक परत देताना म्हणालीस, “घे. वीस टाकलाय. आता रड नको.”

मी जिंकले होते. आणि जिंकलेल्या माणसाने गप्प बसायचं असतं हे मला कधी जमलेलं नाही. पुढची दोन वर्षं मी तुला विसाचे फायदे सांगितले. नेऱ्याच्या पुढे उंबराच्या झाडाशी जो चढ आहे, तो तू आधी चढायचीस आणि मी शंभर पावलं मागे. मी म्हणायचे, तू पुढे आहेस कारण तुझं अठरा जोरात पळतं, पण माझं विसाचं चढणं शास्त्रशुद्ध आहे. सपाटीवर मी तक्रार करायचे की वीस असल्यामुळे माझे पाय फार गरगर फिरतात. तू गंभीर चेहऱ्याने म्हणायचीस, “व्हय गो. वीसचा तोच तरास हाय.”

तो चेहरा मला आता आठवतो.

गेल्या डिसेंबरात माझा उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, चढावर उभं राहून जोर लावणं बंद करा. मी व्यवहारी बाई आहे. दुसऱ्या आठवड्यात बारा गिअरची नवी सायकल घेतली आणि रविवारी ती घेऊनच चिरनेरच्या फाट्यावर आले.

तू सायकलकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

“गिअरची घेतलीस? मना न इचारता?”

“तुला विचारून घ्यायला तू माझी सासू आहेस का?”

“सासू बरी. ती निदान परत पाठवल.”

“गुडघा गेलाय माझा, नंदा. विसावरसुद्धा चढवत नाही. डॉक्टर म्हणतात त्या एका गिअरनेच झालं असणार.”

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. ते फक्त जोर लावू नका म्हणाले होते. बाकीचं मी घातलं, कारण भांडणात मला पुरावा कमी पडत होता. विद्यार्थ्याने असं केलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढते.

तू एकदम गप्प झालीस. मला वाटलं रुसलीस. तू सायकल वळवलीस आणि परत गेलीस. त्या दिवशी मी बारा गिअरवर एकटीच फिरले आणि मजा आली असं स्वतःला सांगितलं.

आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी तुझा आला.

“मास्तरणी, जुनी गारी इकरं आन. काम हाय.”

“मला वेळ नाही. पेपर तपासायचे आहेत.”

“बरा. पन आन.”

“बघू.”

हे आपलं शेवटचं बोलणं. पेपर खरंच होते, पण आदल्याच दिवशी संपले होते. चार दिवसांनी तुला ताप आला, आठवड्यात तू अतिदक्षता विभागात, आणि मी आले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. मी तुझ्या पायाशी उभी राहून फक्त तुझी पावलं बघितली. घोट्यावर चेनच्या तेलाचा डाग होता. नर्सने पुसायचा प्रयत्न केला असणार, पण तो डिझेलशिवाय निघत नाही.

तेराव्यानंतर जगदीश भाऊजी आमच्याकडे आले. तुझा नवरा तुझ्या एक चतुर्थांशही बोलत नाही, त्यामुळे चहा संपेपर्यंत आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसलो. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“ह्या तुमचा हाय. ती बोल्ली व्हती, दवाखान्यान नेताना. मास्तरणीला दे, आन सांग, आता खरा वीस टाक.”

कागद उघडला. नवंकोरं फ्रीव्हील. चकतीवर कोरलेलं: वीस.

“खरा वीस म्हणजे?” मी विचारलं.

“ता मना काय म्हाईत? तुमचा दोघींचा काय ता दात्यांचा.”

ते गेल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेले. जुनी सायकल उलटी केली. मागच्या फ्रीव्हीलवर तेल-मातीचा जाड थर होता. तो चाकूने खरवडला. जिथे दात्यांची संख्या कोरलेली असते तिथे धातू चकचकीत गुळगुळीत होता. कानसेने घासलेला. मी खडूने एका दात्यावर खूण केली आणि मोजायला लागले.

अठरा. तीनदा मोजले. तिन्ही वेळा अठरा.

नंदा, तू! दोन वर्षं! मी तुला विसाचं शास्त्र शिकवत होते ते अठरावर बसून. माझे गरगर फिरणारे पाय, माझं शास्त्रशुद्ध चढणं, तुझं जोरात पळणारं अठरा, सगळं खोटं. आपण दोघी एकाच गिअरवर होतो. तू शंभर पावलं पुढे होतीस ती तू चांगली चालवायचीस म्हणून. आणि मी? मी, जी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते की मोजल्याशिवाय बोलू नका, मी दोन वर्षांत एकदा खाली वाकून अठरा दाते मोजले नाहीत. कारण पाना तुझा होता.

मी पार्किंगमध्ये एकटी हसले. वॉचमनने येऊन विचारलं, मॅडम, सगळं ठीक ना? मी म्हटलं, फसवलं मला. तो म्हणाला, ऑनलाइन? मी म्हटलं, नाही हो, मैत्रिणीने. तो म्हणाला, मग ठीक आहे.

आणि मग हसू थांबलं, कारण मला चिरनेरचा फाटा आठवला. ‘विसावरसुद्धा चढवत नाही, त्या एका गिअरनेच झालं.’ तू गप्प झालीस ती रुसून नव्हे. तुला वाटलं माझा गुडघा तुझ्या त्या दोन दात्यांनी घालवला. गंमत म्हणून कानस चालवलीस आणि मैत्रिणीचं हाड झिजवलंस, असं वाटलं तुला. आठ दिवस तू रुसली नव्हतीस. वीस दात्यांचं फ्रीव्हील शोधत होतीस. ‘काम हाय’ म्हणजे हे काम. तुला ते गुपचूप बदलायचं होतं की कबूल करायचं होतं, ते आता कळायचं नाही. मी तुला ओळखते त्यावरून, आधी बदललं असतंस आणि मग वर्षभराने, एखाद्या चढाच्या मध्यावर, मला दम लागलेला असताना सांगितलं असतंस.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. सरळ विचारलं: दोन वर्षं अकरा टक्के जड गिअर, त्याने हे झालं का? ते एक्स-रेकडे बघत म्हणाले, ही झीज खूप जुनी आहे, उभं राहून काम करता का? मी म्हटलं, पंचवीस वर्षं. फळ्यासमोर. ते म्हणाले, मग झालं. सायकलने उलट स्नायू टिकवलेत, चालवा, फक्त थोडं हलकं चालवा.

ऐकलंस? फळ्याने झालं. खडूने झालं. हे तुला दवाखान्यात सांगता आलं असतं, मला माहीत असतं तर. मी खोटा पुरावा घातला आणि तू तो घेऊन गेलीस. तू मला दोन दात्यांनी फसवलंस, मी तुला एका वाक्याने. त्यात माझं जास्त वाईट आहे. तुझं निदान काढून बदलता येत होतं.

शनिवारी मी फ्रीव्हील बदललं. मी. स्वतः. जुनं सुटायला पाऊण तास लागला, तळहाताला फोड आला, आणि मी तुला शिव्या दिल्या, त्यातल्या दोन तुझ्याच भाषेतल्या. दोन दाते वाढले म्हणून चाक खाचेत पाव इंच पुढे घ्यावं लागलं. चेन मधोमध दाबली. अर्धा इंच. चेनच्या बाजूचा नट आधी. बघत उभी राहायचे तेव्हा काहीतरी डोक्यात शिरलं होतं म्हणायचं.

आणि आज सकाळी उंबराचा चढ.

नेरं मागे टाकलं तेव्हा धुकं होतं, शेतात वाल टिपणाऱ्या बायका होत्या. पहिल्या शंभर पावलांतच कळलं, नंदा! हे वेगळं होतं! अकरा टक्के म्हणजे कागदावर काही नाही आणि मांडीत सगळं आहे. जिथे मी दोन वर्षं उभी राहून दात खायचे तिथे मी बसून होते. बसून! सैल दगडांवर मागचं चाक एकदा फिरलं, वजन मागे टाकलं, पकडलं त्याने. पाय गोल फिरत होते, खरे गोल, आणि चेन एका सुरात होती. वळण. दुसरं वळण. गुडघ्याकडे लक्ष ठेवून होते, तो काही बोलला नाही. शेवटच्या उभ्या टप्प्यावर चार पॅडलं उभं राहून मारली, फक्त चार, आणि वर आले. पाय खाली न टेकता. पहिल्यांदा.

वर पोचल्यावर मी ओरडले, “वीसच बरोबर होतं!”

उंबराखाली शेळ्या घेऊन एक म्हातारी बाई बसली होती. तिने वळून बघितलं.

“कोनाला वरडतंस बाय?”

“मैत्रिणीला. भांडण चाललंय आमचं.”

तिने माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला समजलं असावं. अशा बायकांना सांगावं लागत नाही.

“ऐकते काय ती?”

“जिवंतपणी ऐकलं नाही.”

“मंग जरा जोरान सांग,” ती म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

म्हणून जोरात सांगते, नंदे. गुडघा तुझ्यामुळे गेला नाही.